मुलीला स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचंय. याची नोकरी नेमकी असते कुठे?

साधामाग
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझे सोळा साधे माग आहेत, त्यातले अकरा चालू. थोरली मुलगी शाळेपासून खो-खो खेळते. राज्य स्पर्धा दोनदा आणि राष्ट्रीय एकदा खेळली. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळ थांबला. बी.कॉम. झालंय. मला वाटलं होतं, आता बँकेच्या परीक्षा देईल. ती म्हणते, स्पोर्ट्स मॅनेजमेंटच करणार.

पुण्यात एक कॉलेज बघून आलो. दोन वर्षांची फी, हॉस्टेल, मेस धरून आकडा ऐकला आणि येताना एसटीत कराडपर्यंत आम्ही बापलेक एकमेकांशी बोललो नाही. तेवढ्या पैशात जुना रॅपियर माग येतो, तोही जागेवर उभा करून.

तिची आई विचारते, या मॅनेजमेंटमध्ये कोण कुणाला मॅनेज करतं? मला काही सांगता आलं नाही. पीटीचे सर व्हायचा कोर्स तो हाच का? आणि तो केला तर पगार देतं कोण?

चहाटळ
खेळ खेळाडू सांभाळतात, खेळाडूंना आईबाप सांभाळतात. उरतं बक्षीस देताना फोटोत मधोमध उभं राहणं. त्याची ही पदवी. हलकेच घ्या.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. आमच्या घरीही हेच नाटक चालू आहे, फक्त खेळ बॅडमिंटन.

निवृत्त_शिट्टी
साधामाग, हा पीटीच्या सरांचा कोर्स नाही. हा घोळ सगळेच करतात, तेव्हा आधी तो निस्तरू.

बी.पी.एड. आणि एम.पी.एड. हा शिक्षकीचा रस्ता, दोन-दोन वर्षांचा. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, तीही ५५ टक्क्यांनी, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. कोच व्हायचं तर पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा. ती संस्था १९६१ पासून आहे. मॅनेजमेंट ही तिसरीच वाट. तिथे गळ्यात शिट्टी नसते, कानाला फोन असतो. स्पर्धा भरवायची, मैदान चालवायचं, प्रायोजक आणायचा, संघाचा हिशेब ठेवायचा.

घोळ करण्याचा तोटा काय ते सांगतो. एमबीए करून संचालकाच्या जागेसाठी आलेला एक मुलगा छाननीतच बाद झालेला मी पाहिलाय. त्याला वाटलं होतं, नावात स्पोर्ट्स आहे म्हणजे चालेल.

मी अमरावतीचा. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. त्या काळात इतक्या माणसांची तिकिटं, खाणंपिणं, सामानसुमान कुणीतरी बघितलंच असेल की. म्हणजे काम जुनंच आहे, पदवी तेवढी नवी.

साधामाग
सर, आभारी आहे. एवढं सरळ कॉलेजातल्या समुपदेशकानेही सांगितलं नव्हतं. तो नुसते स्टेडियमचे फोटो दाखवत होता.

तिरका_चेंडू
कडू बोलतो, माफ करा. ही पदवी म्हणजे क्रिकेटवेड्या पोरांकडून पैसे काढायचा धंदा आहे. जाहिरातीत आयपीएल, आणि कोर्स झाल्यावर तिकीट फाडायला उभं. खेळातल्या कंपन्यांना मार्केटिंगवाला लागतो, वकील लागतो, सीए लागतो. साधं एमबीए करा, चार वर्षं कुठेतरी बिस्किटं विका आणि मग खेळात शिरा. दार बाहेरून उघडतं.

चहाटळ
मुंबईत यासाठी खास संस्था काढलीये नीलेश कुलकर्णीने, २०१० साली. हो तोच, १९९७ ला कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर लंकेच्या अटापट्टूला उडवणारा. पुढे लंकेने ६ बाद ९५२ केल्या आणि त्याला दुसरी विकेट मिळाली नाही. अपेक्षा आणि वास्तव यांचं मॅनेजमेंट त्याच्याइतकं कोण शिकवणार?

गहुंजेकर
@चहाटळ, हसलो. पण ७० षटकं टाकली होती त्याने. या धंद्यात लागते ती चिकाटी हीच.

मी हा कोर्स केलाय आणि याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २०१८ च्या एप्रिलमध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने चेपॉकवरून पुण्याला हलले. निर्णय झाल्यापासून पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियममध्ये पहिला सामना होईपर्यंत जेमतेम नऊ दिवस. मी तेव्हा एका कंत्राटदार कंपनीत अगदी खालच्या पायरीवर होतो. माझ्याकडे ओळखपत्रांचं टेबल.

हे काम दिसतं क्लार्कचं. स्टेडियमचे झोन असतात : खेळाडूंची खोली, सीमारेषा, प्रक्षेपण, पाहुणे, खानपान. प्रत्येकाच्या कार्डावर त्याच्या झोनचे आकडे. पाणी पोचवणाऱ्या पोराला सीमारेषेचा झोन पाहिजे, पण खेळाडूंच्या खोलीचा अजिबात नको. जनरेटरवाल्याला सगळीकडे जावं लागतं पण त्याचं नाव यादीत शेवटी येतं, कारण यादी करणाऱ्याला जनरेटर आठवतच नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी एक वाजता जनरेटरचे दोन ऑपरेटर गेटवर अडकले. सुरक्षावाला कार्डाशिवाय सोडेना, आणि त्याचं बरोबरच होतं. छपाईयंत्रातली रिबन तेव्हाच संपली. शेवटी पोलिसांच्या माणसाला शेजारी बसवून हाताने लिहिलेले तात्पुरते पास काढले, प्रत्येकाची वहीत नोंद केली.

२० एप्रिल, राजस्थानविरुद्ध. चेन्नईहून आख्खी रेल्वेगाडी भरून पिवळे शर्ट आले होते. वॉटसनने शतक ठोकलं. मी एक चेंडूसुद्धा पाहिला नाही, फक्त आवाज ऐकला.

पगार विचारलाय म्हणून सांगतो. सुरुवातीला महिना १८ हजार, कंत्राट अडीच महिन्यांचं. हंगाम संपला की घरी. मग प्रो कबड्डी, मग मॅरेथॉन, मग परत आयपीएल. तीन वर्षं असं उड्या मारत काढल्यावर कायमची नोकरी लागली. माझ्या बॅचचे निम्मे या तीन वर्षांत गळाले. कुणी विम्यात, कुणी घरच्या दुकानात.

@तिरका_चेंडू, बिस्किटवाला मुद्दा अर्धा बरोबर. प्रायोजकत्व विकायला बिस्किटवाला येतो. पण गेटवर दुपारी एक वाजता काय करायचं ते त्याला येत नाही.

तिरका_चेंडू
ते तरी कोर्समध्ये शिकवलं का?

गहुंजेकर
नाही. कोर्सने त्या गेटपर्यंत नेलं. इंटर्नशिप नसती तर मला त्या टेबलाजवळ कुणी फिरकू दिलं नसतं. म्हणून कॉलेज निवडताना मी एकच बघेन : मागच्या दोन बॅचेसची मुलं कुठल्या स्पर्धांत, किती दिवस आणि काय काम करत होती. नावं घेऊन चार जणांना फोन करा. प्लेसमेंटचं रंगीत पत्रक बघू नका.

निवृत्त_शिट्टी
आणि हातात पडणारा कागद कुठल्या विद्यापीठाचा, पदवी आहे की डिप्लोमा, हेही लेखी विचारा. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आहे, इंफाळला केंद्राचं क्रीडा विद्यापीठ २०१८ च्या कायद्याने झालं, आपल्या बालेवाडीच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० चा. पुण्यात सिंबायोसिसचं एमबीए आहे. यातल्या कुठे या वर्षी कुठला अभ्यासक्रम चालू आहे ते मात्र त्यांच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकातच बघा. ऐकीव माहितीवर, माझ्यासुद्धा, जाऊ नका.

फक्कीबहाद्दर
सांगलीचा आहे. जिल्ह्यात, राज्यात खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धा भरवण्यात वीस वर्षं गेली, सगळी फुकटात. साधामाग, तुमच्या मुलीला मी बहुतेक खेळताना पाहिलंय.

आयपीएल सोडा, आमच्याकडची गोष्ट ऐका. राज्य अजिंक्यपद, चार दिवस, मुलं-मुली मिळून चाळीसच्या वर संघ. आदल्या रात्री अडीच वाजता पाऊस. मैदानं दोन, दोन्ही मातीची. पहाटे चारला आम्ही सात जण पोत्यांनी पाणी टिपतोय. टिपायचं, बादलीत पिळायचं, परत टिपायचं. सहाला भुसा आणला तर एक पंच म्हणाले, भुशावर पाय सरकतो, माती टाका. कोरडी माती शोधायला ट्रॅक्टर गेला. साडेसातला रोलर. आठला आखणी, २७ बाय १६ मीटर, ओल्या जमिनीवर आखणीची पांढरी फक्की बसेना, रेघ पिठल्यासारखी पसरायला लागली.

तेवढ्यात एका संघाच्या बाई आल्या. मुलींना कपडे बदलायच्या खोलीला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावाला. अठ्ठेचाळीस मुली बाहेर उभ्या. आम्ही रात्रभर मैदान मैदान करत होतो आणि मुलींच्या खोलीची किल्ली सातांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हती. कुलूप तोडलं. शाळेला नंतर नवं आणून दिलं, चारशे रुपये.

तुमच्या मुलीसारखी एक जरी आमच्यात असती तर पहिलं काम किल्ली. तिने ते सोसलेलं असतं ना! मॅनेजमेंट शिकलेल्यांपेक्षा खेळलेली आणि वर मॅनेजमेंट शिकलेली, ही जोडी दुर्मिळ आहे. मी तर म्हणतो, पाठवा.

चहाटळ
आणि फुकटात राबवा, असंच ना फक्कीभाऊ?

फक्कीबहाद्दर
दुखरी नस दाबलीस. हो, आमच्याकडे पैसा नाही. पाहुण्यांच्या शाली आणि नारळांना असतो.

मॅटवरचा
अवांतर : मातीवर स्पर्धा घ्यायचीच कशाला आता? मॅट टाका. २०२२ ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग झाली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, सगळं मॅटवर.

फक्कीबहाद्दर
मॅट फुकट देतोस का? आणि त्या विश्वचषकात भारताची मुलं आणि मुली दोन्ही जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मातीतच घडलेत दोघं. मातीवरचा सूर वेगळा, मॅटवर कोपर सोलतं.

मॅटवरचा
मातीवर काय लोणी लागतं का कोपराला?

निवृत्त_शिट्टी
माती-मॅटला वेगळा धागा काढा रे बाबांनो. इथे एका बापाचे पैसे पणाला लागलेत.

कीवी_काकू
जाता जाता डोकावले आणि अडकले. मी ऑकलंडला असते. मूळची नाशिकची. इथे येऊन 'स्पोर्ट अँड रिक्रिएशन'मध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं, पस्तिसाव्या वर्षी, दोन मुलं सांभाळून. तुम्ही सगळे स्पोर्टबद्दल बोलताय. त्या रिक्रिएशनकडे कुणी बघेना म्हणून लिहिते.

रिक्रिएशन म्हणजे ज्यांना पदक नको, नुसतं हलायचंय, त्यांची सोय. पोहण्याचा तलाव, बाग, वाटा, सार्वजनिक हॉल, आजीआजोबांचा व्यायाम. इथे हे बरंचसं नगरपरिषदा चालवतात किंवा चालवून घेतात, आणि नोकऱ्या तिथे असतात. अभ्यासात काय होतं? संशोधनपद्धती, अर्थसंकल्प, सुरक्षेचे कायदे, कुठल्या वस्तीतले लोक तलावावर येतच नाहीत आणि का. १८४० चा वैतांगीचा करारसुद्धा अभ्यासावा लागला. पहिल्यांदा मी कपाळाला हात लावला, तलावाचा आणि कराराचा काय संबंध? मग कळलं, नदी-समुद्र माओरी लोकांचा आहे की सगळ्यांचा, तिथे होड्या कुणी चालवायच्या, हा प्रश्न या कामात रोज दारात उभा असतो.

माझा नोकरीतला पहिला आठवडा. मोठ्या तलावात कुणाच्या तरी बाळाने शी केली. शंभरेक माणसं पाण्यात. सगळ्यांना बाहेर काढायचं, जाळीने काढून घ्यायचं, क्लोरीन वाढवायचं आणि पाणी गाळणीतून पुरतं फिरेपर्यंत कुणाला पाय बुडवू द्यायचा नाही. चिडलेल्या आयांना हे समजावण्यासाठी दारात मी, गळ्यात पदव्युत्तर पदवीचं ओळखपत्र. आईचा फोन आला, काय करतेस? म्हटलं, मॅनेजमेंट.

पण त्याच तलावावर आठवड्यातून एक तास फक्त बायकांचा असतो. काचांवर पडदे ओढतात, त्या तासाला जीवरक्षकही बाईच. तो तास कुठल्या वारी, किती वाजता ठेवायचा हे ठरवायला मी दोन महिने आजूबाजूच्या वस्त्यांमधून विचारत फिरले. मंगळवारी सकाळी ठेवला होता तेव्हा सहा जणी यायच्या. शाळा सुटायच्या आधीची वेळ, बसच्या वेळापत्रकाशी जुळवून दिली, तर चाळीसच्या पुढे गेल्या. एक आजी साठीत पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. कठडा सोडायला त्यांना तीन आठवडे लागले.

साधामाग दादा, परदेशी पाठवा असं मी म्हणत नाही, परदेशी विद्यार्थ्यांची फी फार आहे. पण इचलकरंजीत पालिकेचा तलाव असेल, बागा असतील. ते कोण चालवतं?

तिरका_चेंडू
काकू, तलाव चालवतो ठेकेदार. बाग चालवतात कुत्री.

निवृत्त_शिट्टी
कीवीताई, मनातलं बोललात. आमच्या गावातली जुनी व्यायामशाळा होती, मल्लखांबाचा खांब सागवानी, तेल पाजून काळा झालेला. विश्वस्त म्हातारे झाले, वीजबिल भरेना. हॉल लग्नांना द्यायला सुरुवात केली. आता तारखा अशा भरल्यात की मुलांना नोव्हेंबर ते मे सराव नाही. खांब स्टेजमागे आडवा पडलाय आणि मांडववाला त्याच्यावर गाद्या रचतो. विश्वस्तांना दोष देत नाही, त्यांना दुसरा मार्ग माहीतच नव्हता. सकाळ-संध्याकाळ खेळ आणि मधल्या वेळेत भाडं, एवढं वेळापत्रक बसवणारा माणूस पाहिजे होता.

मॅटवरचा
गाद्यांचं ऐकून वाईट वाटलं. सर, हे खरंच वेगळ्या धाग्यात लिहा.

ताळेबंद
सीए आहे, पैशांपुरतं बोलतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. प्रशिक्षण म्हटलंय, हे नीट वाचा. फक्कीभाऊंची शाल-नारळाची स्पर्धा त्यात सहज बसत नाही, पण मुलींचं वर्षभराचं खो-खो शिबिर बसू शकतं.

माझ्याकडे कंपन्या विचारतात, कुणाला देऊ? संघटना येतात त्यांच्याकडे प्रस्ताव म्हणजे अध्यक्षांचा फोटो आणि खाली 'यथाशक्ती सहकार्य करावे'. किती मुली, किती दिवस, किती खर्च, शेवटी काय मोजणार, यातलं काही नसतं. हे चार कागद जिला लिहिता येतील तिला काम आहे. आणि मुलगी बी.कॉम. आहे म्हणता. हे कुणीच कसं धरलं नाही?

गहुंजेकर
+१. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झालाय. महासंघांच्या मान्यतेसाठी मंडळ, तंट्यांसाठी लवाद, खेळाडूंची समिती, सुरक्षिततेचं धोरण. कागद नीट ठेवणारी माणसं आता लागणारच. शिवाय २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्यात.

तिरका_चेंडू
त्याच ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदीही आली, ते का नाही लिहीत? भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन या गेमिंग कंपनीचं नाव एका रात्रीत गेलं. त्या पैशांवर जगणारे किती जण रिकामे झाले असतील. हा धंदा दुसऱ्याच्या खिशावर उभा आहे हो.

फातोर्डेकर
तिरकेबाब बरोबर सांगतात. आमच्या गोंयात बघा. २०२५ च्या जुलैत आयएसएल या फुटबॉल लीगचा हंगामच अडकून पडला, का तर महासंघ आणि लीग चालवणाऱ्यांमधला करार संपत आलेला. खेळाडूंपासून गवत कापणाऱ्यापर्यंत सगळे लटकले. फुटबॉलवेड्या राज्यात ही गत.

पण दुसरी बाजू. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याकडे झाल्या तेव्हा मी स्वयंसेवक. ४३ खेळ, दहा हजारांवर खेळाडू, एवढंसं राज्य. माझ्याकडे जेवणाची पाकिटं. दुसऱ्याच दिवशी फातोर्ड्याची पाकिटं मी म्हापशाला धाडली, चूक पूर्ण माझीच, दोन याद्या एकाच रंगाच्या कागदावर छापल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून म्हापसा गुलाबी, फातोर्डा पिवळा. मरे, एवढीच अक्कल, पण ती कुणी शिकवली नव्हती! त्या पंधरवड्यानंतर मी ठरवलं की हेच करायचं. आता कोलकात्याच्या एका संस्थेत डिप्लोमा करतोय. बाय द वे, पदकांत महाराष्ट्र पहिला आला होता, तुमचं अभिनंदन उशिरानेच.

चहाटळ
आणि २०२५ च्या ऑक्टोबरात रोनाल्डोचा अल नासर संघ फातोर्ड्याला आला तेव्हा?

फातोर्डेकर
नको रे. रोनाल्डो आला नाही. माझ्या भावाने त्याच्या नावाचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आल्प्सखालचा
उशिरा आलो. स्वित्झर्लंडमध्ये असतो, लोझानच्या जवळ, खेळाशी पोटापाण्याचा संबंध नाही. पण हे गाव म्हणजे खेळांच्या कचेऱ्यांचं गाव. ऑलिंपिक समिती १९१५ पासून इथे, मग आंतरराष्ट्रीय महासंघ एकेक करून आले. आमच्या बसमध्ये तिरंदाजीवाले आणि व्हॉलीबॉलवाले शेजारी बसतात. इथे क्रीडा प्रशासनाचा एक मास्टर्स आहे, आणि फिफाचा जो आहे तो तीन देशांत शिकवतात : इतिहास इंग्लंडमध्ये लेस्टरला, व्यवस्थापन मिलानला, कायदा इथे नूशातेलला. फी ऐकून साधामागांनी परतीची एसटीसुद्धा सोडून दिली असती.

या पदवीची सुरुवात मजेशीर आहे. १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा मालक वॉल्टर ओमॅली याने जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकाला पत्र लिहिलं. त्याचा प्रश्न साधा : क्लब, स्टेडियम चालवायला शिकलेला माणूस मला मिळणार कुठे? मेसनने तो प्रश्न सोडला नाही, आणि १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात पहिला मास्टर्स सुरू झाला. म्हणजे आधी मालकाला माणूस हवा होता, मग कोर्स निघाला. आपल्याकडे कोर्स आधी निघालेत, मालक शोधायचे आहेत. तिरका_चेंडू यांची चिडचिड तिथून येते असं मला वाटतं.

तिरका_चेंडू
चिडचिड नाही हो. माझ्या धाकट्या भावाने केला होता. नऊ लाख. आता तो चांगला आहे, पण ते कर्ज फेडताना त्याचं बुलेटचं आणि लग्नाचं दोन्ही लांबलं. पोरगी हुशार आहे, खेळलेली आहे, मान्य. पण आधी कर्ज काढू नका एवढंच म्हणतो.

साधामाग
मंडळी, चार दिवस सगळं वाचतोय. माग बंद पडला तर बसल्या बसल्या मोबाइलवर, आणि चालू असताना कांडी बदलता बदलता. हिच्या आईला फक्कीभाऊंची किल्लीची गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, ही पोरगी लातूरला खेळायला गेली होती तेव्हा अशीच शाळेच्या मागे चादर धरून कपडे बदललेत सगळ्यांनी, तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. सात वर्षं मी फक्त स्कोअर विचारत होतो.

कीवीताई, तलाव आहे आमच्याकडे. बायकांची वेळ दुपारी दोनची आहे. आता कळलं, कुणी का जात नाही.

पोरीला धागा दाखवलाय. ती स्वतःच लिहील म्हणते.

सूर_मारणारी
नमस्कार. बाबांची मुलगी. लातूरचं आईने सांगायला नको होतं.

सगळ्यांचं वाचलं. गहुंजेकर दादांनी सांगितल्यासारखे त्या पुण्याच्या कॉलेजातल्या मुलांना फोन केले. पाच नंबर मिळाले, तिघांनी उचलला. एक मॅरेथॉनच्या कंपनीत आहे, खूश आहे. एक परत घरी. एक ताई म्हणाल्या की पहिलं वर्ष वर्गात झोप येते, दुसरं वर्ष मैदानात झोप मिळत नाही. मला दुसरं वर्ष पाहिजे, पण ते पहिल्याशिवाय देत नाहीत.

या वर्षी प्रवेश घेत नाही. गुडघ्याचे व्यायाम अजून चार महिने आहेतच. फक्कीकाकांना मेसेज केला, त्यांच्याकडे डिसेंबरात जिल्हा निवड चाचणी आहे, तिथे मुलींच्या गटाचं सगळं माझ्याकडे देणार म्हणालेत : खोल्या, जेवण, प्रवेशिका, वयाचे दाखले. ताळेबंद काकांनी सांगितलेला शिबिराचा प्रस्ताव लिहून बघतेय, तीस मुली, वर्षभर. बुटांचा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा ते कळेना, त्यांना व्यक्तिगत निरोप पाठवते. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा देईन. तोवर बाबांनी रॅपियर घेतला तरी चालेल.

तिरका_चेंडू काका, तुमच्या भावाचं लग्न झालं का शेवटी?

तिरका_चेंडू
झालं. स्टेडियममधल्याच मुलीशी. ती तिकीटवाली नव्हती, ती त्याची बॉस होती.

चहाटळ
म्हणजे मॅनेजमेंट झालं.

ताळेबंद
बूट 'क्रीडासाहित्य'मध्ये टाक, 'कल्याण'मध्ये नको. आणि जोड्या तीस धरू नकोस, पंचेचाळीस धर. वर्षभरात फाटतात.

फक्कीबहाद्दर
सूर_मारणारी, डिसेंबर नक्की. एक वही आण, दोन पेनं आण. कुलपं मी आणतो, प्रत्येकाच्या दोन किल्ल्या.

सूर_मारणारी
काका, आखणीचं पण शिकवाल का? ते चाकावरचं फक्कीचं यंत्र कुठे मिळतं? आमच्या मैदानावर सर हाताने टाकायचे, रेघ वाकडी यायची.

फक्कीबहाद्दर
यंत्र नको, ते दर दहा फुटांवर तुंबतं. पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा घे, बुडाला खिळ्याने एका ओळीत सात भोकं पाड, जास्त नको. दोन खुंट्या, सुती दोरी. दोरी आधी ओली करून ताण, कोरडी असली की वाऱ्याने पोट काढते. दोरीच्या कडेने उलटं चालत यायचं आणि डब्यावर हलकी टिचकी मारत राहायची. फक्की आदल्या दिवशी चाळून उन्हात ठेव. आणि कोपऱ्यातून सुरू करू नकोस, आधी दोन खांबांमधली मधली पाटी आख, बाकीचं मैदान तिच्यावरून मोजायचं.